मराठी कीवर्ड अलर्ट येतच नाहीत, किंवा येतात ते भलतेच : कुठे काय तपासायचं

हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक दिली की काम झालं. प्रश्न साधारण असा असतो, की मी अमुक शब्दावर अलर्ट लावलाय, म्हणजे चर्चेच्या साईट्सवर कुणी तो शब्द लिहिला की मला मेल यायला हवा, पण मेल येतच नाही, आणि येतो तेव्हा त्यात भलत्याच गावाची भलतीच बातमी असते. इंग्रजी शब्दावर लावलेला अलर्ट नीट चालतो आणि मराठीवर लावला की मुका होतो.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो कारण यातला प्रत्येक खड्डा मी स्वतः पडून बघितलाय. माझ्या मावशीचं दापोलीजवळच्या मुरुडला घर आहे, नारळीपोफळीची वाडी आहे, मागच्या अंगाला चार खोल्या काढल्यात, राहायची आणि घरगुती जेवणाची सोय. आता लोक नेटवर विचारत असतात, "दापोलीला जायचा विचार आहे, कुठे राहावं?", त्याला दहाजण दहा उत्तरं देतात, आणि आम्हाला ते कळतं आठ दिवसांनी, तोवर विचारणारे जाऊन डॉल्फिन बघून सुरमई खाऊन परतसुद्धा आलेले असतात. म्हणून मी मोठ्या उत्साहात गूगल अलर्ट्समध्ये "मुरुड होमस्टे" असं टाकलं, मावशीला सांगितलं की आता कुणी विचारलं की लगेच कळेल. तीन महिन्यांत मेल शून्य. मावशी म्हणाली, "अरे तुझा तो भोंगा वाजलाच नाही हो अजून." तेव्हापासून आमच्याकडे अलर्टला भोंगाच म्हणतात.

तर पहिलं म्हणजे तुमचा आजार कुठला ते ठरवा. काहीच येत नाही हा एक, भलतंच येतं हा दुसरा, आणि कधी येतं कधी येत नाही हा तिसरा आणि सगळ्यात वैताग देणारा. तिघांची कारणं वेगळी आहेत, सगळे उपाय एकदम करत बसलात तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

काहीच येत नसेल तर आधी ही एक टेस्ट करा. जो शब्द अलर्टमध्ये टाकलाय तो तसाच्या तसा, अवतरणचिन्हं वगैरे असतील तर त्यांच्यासकट, साध्या गूगल सर्चमध्ये टाका आणि टूल्समध्ये जाऊन वेळ "गेला आठवडा" किंवा "गेला महिना" करा. तिथे रिझल्ट दिसतायत पण मेल आला नाही, तर घोळ सेटिंगमध्ये किंवा मेलबॉक्समध्ये आहे. तिथेही काही दिसत नसेल तर घोळ शब्दात आहे, किंवा ते पानच गूगलला दिसत नाही. लॉगिनच्या आत असलेलं, प्रायव्हेट ग्रुपमधलं, व्हॉट्सॲपवरचं काहीही अलर्टमध्ये येणार नाही, कधीच नाही, त्यामुळे "आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विचारलं तर कळेल का" याचं उत्तर नाही असं आहे.

सेटिंगचा भाग पटकन उरकतो. अलर्ट बनवताना खाली "पर्याय दाखवा" असतं ते बहुतेक लोक उघडतच नाहीत. त्यात किती निकाल हवेत तिथे आपोआप "सर्वोत्तम निकाल" निवडलेलं असतं, ते "सर्व निकाल" करा, कारण चार ओळींचा प्रश्न कुणाच्याच हिशेबात सर्वोत्तम नसतो. प्रदेश "भारत" ठेवू नका, कुठलाही ठेवा, मराठी चर्चांच्या साईट्स भारतातच असतील असं काही नाही, मायबोली १९९६ साली सुरू झाली तीच मुळात अमेरिकेतल्या मराठी लोकांकडून. आणि भाषा "मराठी" करायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता, तो आवरा. दोन ओळींचं देवनागरी मजकुराचं पान मराठी आहे की हिंदी हे मशीनला ओळखता येईलच असं नाही, त्यात अर्धे शब्द इंग्रजी असले तर बघायलाच नको. भाषा मोकळी सोडा आणि गाळायचं काम शब्दाला करू द्या, ते कसं ते पुढे येतंय.

मेलबॉक्स. हे वाचून हसाल पण आमच्या तीन महिन्यांच्या शांततेचं पहिलं कारण हेच निघालं. अलर्ट मी मावशीच्या अकाउंटवरून बनवला होता, म्हणजे मेल तिलाच थेट जावा म्हणून. गूगलच्या फुकट अकाउंटला १५ जीबी जागा असते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळ्यांत मिळून, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्याच १५ जीबीत मोजतात. मावशीच्या फोनवर सकाळी सहा वाजल्यापासून शुभ सकाळ, चारोळ्या, गुलाबाची फुलं आणि भाच्यांच्या मुलांचे व्हिडिओ. जागा काठोकाठ. जागा भरली की नवीन मेल येणं बंद होतं, आणि मेल बंद झालेत हे सांगायला मेल तर येऊ शकत नाही. म्हणजे भोंगा वाजत असेलही, पण ऐकणाराचे कान बंद. दोष कुणाचाच नाही, मी आधी बघायला हवं होतं. त्यामुळे आधी जागा बघा, मग अलर्ट ज्या अकाउंटने बनवला त्याचाच मेल उघडून बघताय ना ते बघा (दोन-दोन अकाउंट असलेले लोक इथे हटकून फसतात), मग स्पॅम, मग जीमेलमध्ये फिल्टर करून "कधीही स्पॅममध्ये पाठवू नका" ला टिक करा.

एवढं केल्यावर आमचा भोंगा वाजायला लागला. आणि खरी गंमत इथून पुढे सुरू झाली, कारण जे यायला लागलं त्यात आमच्या मुरुडचं काहीच नव्हतं.

मुरुड तीन आहेत, निदान मला अलर्टमुळे भेटलेली तरी तीन. आमचं दापोलीचं, रायगडातलं मुरुड-जंजिरा, आणि लातूर जिल्ह्यातलं मुरुड. जंजिऱ्याच्या मुरुडलाही समुद्र, नारळ, खोल्या, सगळं सारखंच, त्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ त्याचा. लातूरच्या मुरुडच्या बातम्या तर अख्खा पावसाळाभर. त्यात १८ एप्रिलच्या आसपास महर्षी कर्व्यांची जयंती, त्यांचं बालपण आमच्या मुरुडचं, म्हणून दरवर्षी तेव्हा लेखांचा पूर येतो, ते लेख वाचायला चांगले असतात पण त्यातून खोली बुक होत नाही.

यावर लोक पहिला उपाय करतात तो वजाबाकीचा, मुरुड लिहून पुढे वजाचं चिन्ह जोडून जंजिरा, वजा लातूर. करा, चालतं, पण जपून. आमच्याकडे एक प्रश्न असा सुटला की "मुरुड जंजिरा करून खाली दापोलीकडे यायचंय, तिथे दोन रात्री कुठे राहू", म्हणजे अगदी हवा तसा पाहुणा, आणि जंजिरा शब्दामुळे त्याला आम्हीच दारातून परत पाठवला. वजाबाकी फक्त अशा शब्दाची करा जो तुमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी येऊच शकत नाही. लातूर ठीक आहे. जंजिरा नको. त्यापेक्षा सोबत दुसरा शब्द जोडणं बरं, मुरुड आणि दापोली दोन्ही असलेलं द्या.

मित्राचं मालवणला असंच आहे, त्याला तर याहून भारी अनुभव. त्याने जे टूल लावलं होतं ते शब्दाचा तुकडा जुळला तरी मेल पाठवायचं. मालवण शोधलं की मालवणी येतं, आणि मालवणी म्हणजे एक तर मसाला नाही तर मुंबईत मालाडचं मालवणी, म्हणजे रोज पोलीस ठाण्याच्या बातम्या. तो म्हणाला, माझ्या खोल्यांचं काही झालं नाही पण मालाडच्या गुन्हेगारीवर मी आता व्याख्यान देऊ शकतो. तसंच दाभोळ लावलंत तर तुकडा जुळून दाभोलकर नाही येणार, पण दाभोळकर अशा स्पेलिंगने लिहिलेलं सगळं येईल, आणि शिवाय वीज प्रकल्पाची पंचवीस-तीस वर्षांची भांडणं येतील ती वेगळीच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आपण अलर्टमध्ये नाव टाकतो ते पाटीवर असतं तसं. मुरुड, आंजर्ले, दापोली, समुद्रकिनारा. पण मराठीत प्रश्न विचारताना पाटीवरचं नाव कुणी वापरतं का? "मुरुडला कधी जावं", "दापोलीत कुठे राहावं", "आंजर्ल्याचा गणपती", "किनाऱ्यावर खोली". शब्दाला शेपूट लागलं की मशीनच्या लेखी तो नवीन शब्द झाला. इंग्रजीत गावाचं नाव जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या आधी एक छोटा शब्द सुटा येतो, म्हणून तिकडचा अलर्ट चालतो आणि आपला मुका राहतो. त्यात अवतरणचिन्हं लावलीत म्हणजे तुम्ही स्वतःच सांगितलंत की हाच शब्द, तसाच्या तसा. साध्या सर्चमध्ये गूगल आपल्या बुद्धीने थोडं इकडचं तिकडचं जुळवून बघतं पण त्याच्यावर विसंबू नका.

म्हणजे प्रत्येक नावाची वापरातली रूपं तुम्हालाच द्यावी लागतात. दापोली सोपं आहे, मूळ बदलत नाही, दापोलीला, दापोलीत, दापोलीच्या, दापोलीहून. आंजर्ले अवघड, कारण सामान्यरूप होताना ते आंजर्ल्या होतं, आंजर्ल्याला, आंजर्ल्यात, आणि "आंजर्ले" हा तुकडा त्यात कुठेच उरत नाही. कर्दे, हर्णे तसेच.

आणि इथे मला एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आम्ही घरातले लोक "आंजर्ल्याला" म्हणतो म्हणून मी तेच टाकलं होतं. पण आंजर्ल्याला असं कोण म्हणतं? आंजर्ल्याचा माणूस, दापोलीचा माणूस, ज्याला आमच्या खोलीची गरजच नाही. पुण्याहून-नागपूरहून पहिल्यांदा येणारा माणूस "आंजर्लेला" लिहितो, "कर्देला", "हर्णैला". व्याकरण शिकवायला बसलो तर ते चूक, पण गिऱ्हाईक त्या चुकीतच आहे. आंजर्लेला हे रूप टाकल्यावर एका महिन्यात जेवढे खरे प्रश्न हाती लागले तेवढे शुद्ध रूपाने आधी कधीच लागले नव्हते. तेव्हा बाहेरचा माणूस तुमच्या गावाचं नाव कसं मोडतोड करून लिहितो त्याची यादी आधी काढा.

हाच न्याय "होमस्टे" शब्दाला. होमस्टे, होम स्टे, मध्ये छोटी रेघ असलेला होम-स्टे, हे सगळे लावून बघितले, मेल भरपूर आले, आणि सगळे आमच्यासारख्याच दुसऱ्या खोलीवाल्यांच्या जाहिराती. विकणारा होमस्टे म्हणतो. शोधणारा म्हणतो "राहायची सोय", "रहायला चांगलं", "कुठे राहावं", "घरगुती जेवण मिळेल का", "कुणी गेलंय का", "सुचवा", "फॅमिलीसोबत". यातल्या राहायला आणि रहायला या दोन्ही जोड्या ठेवा, लोक दोन्ही लिहितात. आमचा सध्याचा सगळ्यात कामाचा अलर्ट म्हणजे गावाच्या नावाची चार रूपं आणि सोबत "सुचवा". एवढंच. शिवाय "सुचवा", "सोय", "कुठे राहावं" हे शब्द हिंदीत असे येत नाहीत, त्यामुळे भाषेची चाळणी आपोआप लागते, मी वर म्हटलं ते हेच. नुसतं गावाचं नाव आणि "बीच" टाकलं असतं तर हिंदी व्हिडिओंची रांग लागली असती.

रूपं जोडताना मध्ये इंग्रजी कॅपिटल ओ आणि आर लिहायचं, नाही तर उभी रेघ. स्मॉलमध्ये लिहिलंत तर तो एक साधा शब्द समजला जातो, हेही मी करून बसलोय. आणि सगळी रूपं एकाच अलर्टमध्ये कोंबू नका, गूगल सर्च एका वेळी ३२ शब्दांपर्यंतच लक्ष देतं, त्यापुढचं बिनबोभाट सोडून देतं. गावागणिक वेगळा अलर्ट केलात की कुठला चालतोय कुठला नाही तेही कळतं.

यापुढचा घोळ असा आहे की तो डोळ्यांना दिसतच नाही.

आधी ह्रस्वदीर्घ घ्या, तो निदान दिसतो. मुरुड की मुरूड? नियमाने बघितलं तर गरीब, वकील, फूल तसं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, म्हणजे मुरूड, आणि पुढे काही लागलं की गरिबाला, फुलाला तसं परत ह्रस्व. म्हणजे अगदी काटेकोर लिहिणारा माणूससुद्धा एकाच परिच्छेदात दोन्ही लिहू शकतो, आणि आपण बाकीचे लोक बोट जिथे पडेल तिथे. दोन्ही ठेवा, विषय संपला. गणपतीपुळे आणि गणपतिपुळे, तसंच.

आता न दिसणारा. हे दोन शब्द बघा: किनाऱ्यावर आणि किनार्‍यावर. सारखेच दिसतायत ना? मशीनला ते दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्य मधला जो आडवा अर्धा र आहे, तो लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकात नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलंत (म्हणजे पाय मोडायचं चिन्ह), दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. कुठला कीबोर्ड कुठली पद्धत वापरतो ते त्याच्यावर, फोनवर टाइप केलेलं एक, जुन्या फोनेटिक सॉफ्टवेअरवरून आलेलं दुसरं. तिसरा प्रकार म्हणजे कॉपीपेस्ट होताना ते अदृश्य चिन्ह गळून पडतं आणि रफार होतो, किनार्यावर, तो निदान दिसतो तरी. किनाऱ्यावर, दुसऱ्या, शेतकऱ्यांना, पायऱ्या, तुमच्या कीवर्डमध्ये ऱ्य किंवा ऱ्ह असेल तर तिन्ही रूपं टाकल्याशिवाय अर्धी दुनिया तुम्हाला दिसणार नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. गूगल शीट उघडा, ए१ मध्ये पहिला शब्द पेस्ट करा, ए२ मध्ये दुसरा, आणि शेजारी लांबी मोजायचं लेन फंक्शन लावा. पहिल्याला १० येईल, दुसऱ्याला ११. तो अकरावा म्हणजे ते अदृश्य चिन्ह. आणखी खात्री हवी असेल तर मिड फंक्शनने दुसऱ्या शब्दाचं सातवं अक्षर काढा आणि त्याला युनिकोड फंक्शन लावा (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारी यादी), ८२०५ येईल, तोच त्या जोडचिन्हाचा नंबर. पहिल्या शब्दाचं पाचवं अक्षर काढलंत तर २३५३, दुसऱ्याचं पाचवं २३५२. एका आकड्याचा फरक आणि अलर्ट गप्प.

असंच ॲ चं. ॲप, अॅप, अ‍ॅप, ऍप, चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. यातला पहिला ॲ हे एक अख्खं अक्षर आहे, ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याच्या आधीचे लोक अ ला वर चंद्र जोडायचे, काही कीबोर्ड मध्ये ते जोडचिन्ह घुसवायचे, आणि काहींनी ए वर चंद्र काढला. ॲडव्हान्स, ॲडव्हेंचर, ॲग्रो टुरिझम, ज्याचा धंदा यातल्या कशावर आहे त्याने हे चारही लावावेत. बाकी ल आणि श चे आकार हिंदीवाले वेगळे आणि मराठीवाले वेगळे दिसतात त्याची काळजी करू नका, तो नुसता फॉन्टचा फरक, आत अक्षर एकच आहे. आकडे मात्र वेगळे, "२ दिवस" मराठी आकड्यात लिहिलं की इंग्रजी आकड्यात हे बघावं लागतं, म्हणून कीवर्डमध्ये आकडा ठेवूच नये.

खूप जुनी पानं, जी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत किंवा मजकुराचा फोटोच चिकटवलाय, त्यांच्यासाठी हे सगळं गैरलागू, पण जुन्या पानावर आज कोण खोली शोधतोय.

आता स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी एक तुकडा, बाकीच्यांनी थेट पुढे जा. अख्खा शब्दच जुळावा म्हणून आपण सवयीने दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी लावतो. जावास्क्रिप्टमध्ये ही हद्द फक्त इंग्रजी अक्षरांना कळते, देवनागरी तिच्या लेखी अक्षरंच नाहीत, त्यामुळे शब्दाच्या दोन्ही बाजूला स्पेस असूनसुद्धा मुरुड कधीच जुळत नाही. शीटमागची ॲप्स स्क्रिप्ट जावास्क्रिप्टच आहे म्हणजे तिथेही हेच. पायथनमध्ये याहून मजेशीर, तिथे नेहमीच्या री मॉड्यूलला व्यंजन हे अक्षर वाटतं पण मात्रा वाटत नाही. परिणाम काय, तर मुरुड शोधताना "मुरुडला" जुळत नाही, कारण ड नंतर ल आला, पण "मुरुडेश्वर" जुळतं, कारण ड नंतर मात्रा आली आणि त्याला वाटलं शब्द संपला. म्हणजे दापोलीचं गिऱ्हाईक सोडलं आणि कर्नाटकातलं शंकराचं देऊळ पकडून आणलं. हे मला कळायला दोन रविवार गेले.

मी आता असं करतो. आलेला मजकूर आणि कीवर्ड दोन्ही आधी एकाच सुरात आणतो, म्हणजे युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, मग अदृश्य जोडचिन्हं काढून टाकायची, ऱ चा र करायचा, ॲ चे चारही प्रकार एक करायचे. नुसत्या एनएफसीने भागत नाही, ते जोडचिन्हाला हात लावत नाही. मग शब्दाच्या सुरुवातीला देवनागरीपट्ट्यातलं काही नको एवढीच अट ठेवायची, शेवट मोकळा, म्हणजे सगळी शेपटं आपोआप पकडली जातात, आणि मुरुडेश्वर, मुरुडकर अशा चारदोन नावांची वेगळी वगळयादी. याने दर्या आणि दऱ्या एक होतात हे खरं, समुद्रवाल्याला सह्याद्री दिसेल कधीतरी, चालवून घ्या. ज्याला पायथनमध्ये हद्दच हवी असेल त्याने रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल घ्यावं, त्याला मात्रा कळतात.

राहिला तिसरा आजार, कधी येतं कधी येत नाही. हा बहुतेक करून त्यांना होतो जे गूगलवर न थांबता साईटच्या फीडवर म्हणजे आरएसएसवर (साईट स्वतःच देते ती नव्या नोंदींची यादी, टूलला वाचता येईल अशी) अलर्ट लावतात, आणि लावावाच, कारण गूगलने पान बघून नोंदवेपर्यंत वेळ जातो आणि "येत्या शनिवारी जायचंय" हा प्रश्न रविवारी कळून उपयोग नाही. बऱ्याच साईट्सना फीड असतं, वर्डप्रेसवर चालणाऱ्या ब्लॉगला पत्त्याच्या शेवटी फीड असं जोडून, डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या चर्चेच्या साईटला लेटेस्ट डॉट आरएसएस, रेडिटवर कुठल्याही पानाच्या पत्त्याला शेवटी डॉट आरएसएस. रेडिटसाठी एफ५बॉट नावाची फुकट सोयही आहे, शब्द द्यायचा, मेल येतो.

पण फीडमध्ये फक्त शेवटच्या काही नोंदी असतात. वर्डप्रेसला न बदलता ठेवलं तर १०. समजा साईटवर दिवसाला चाळीस धागे येतात आणि तुमचं टूल दिवसातून एकदा बघतं, तर तीस धागे तुमच्या डोळ्यांसमोरून न दिसता गेले. धाग्यांची गर्दी बघून त्या हिशेबाने तपासायची वेळ ठरवा, उगाच दर मिनिटाला पण नको, साईट तुम्हाला काही काळ दार बंद करेल. दुसरं, काही फीडमध्ये पूर्ण मजकूर नसतो, नुसत्या पहिल्या चार ओळी, आणि आपल्या लोकांची सवय अशी की पहिल्या चार ओळी प्रस्तावनेत जातात, गावाचं नाव येतं सातव्या ओळीत. अशा ठिकाणी फीडमधून लिंक घेऊन पूर्ण पान उघडूनच शोधावं लागतं. तिसरं, प्रतिसाद. मूळ धागा "उन्हाळ्यात कुठे जावं" एवढाच असतो आणि दापोली निघते बाराव्या प्रतिसादात. लेखांच्या फीडमध्ये प्रतिसाद नसतात. वर्डप्रेसवर कमेंट्सचं वेगळं फीड मिळतं ते लावा, बाकी ठिकाणी असेल तसं शोधा, नसेल तर तेवढं गूगलवर सोडा.

आणि ज्यांनी गूगल शीटमध्ये इम्पोर्टफीड हे फीड ओढून आणणारं फंक्शन लावून ठेवलंय आणि म्हणतायत की सकाळी चालतं रात्री चालत नाही, ते फंक्शन तासाला एकदा ताजं होतं पण शीट उघडी असेल तेव्हाच. लॅपटॉप मिटलात की भोंगा झोपला. त्याला ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शीटमागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, वेळेचा ट्रिगर (ठरल्या वेळी तो आपोआप चालावा म्हणून) लावून फीड स्क्रिप्टनेच आणायचं, मग शीट बंद असली तरी चालतं.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचं मात्र माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मुरुड, हर्णे, आंजर्ले यांची इंग्रजी स्पेलिंगं मोजकी आहेत, ती वेगळ्या अलर्टमध्ये टाकली, त्यात लागणाऱ्या शेपटांमध्ये बहुतेक लोक ला आणि चा सुटे लिहितात त्यामुळे गावाचं नाव तरी जुळतं. पण "राहायला" रोमनमध्ये किती प्रकारांनी लिहिता येतं ते बघायला गेलो आणि अकराव्या प्रकाराला वही मिटली.

सध्या आमच्याकडे सात अलर्ट चालू आहेत, पाच गूगलचे आणि दोन फीडचे, आठवड्याला साधारण वीसेक मेल येतात, त्यातले तीन-चार कामाचे. मावशीच्या फोनवर आता फक्त ते तीन-चारच पुढे पाठवतो, आणि तिचा व्हॉट्सॲप बॅकअप व्हिडिओ वगळून केलाय.

तुमचा अलर्ट एवढं करूनही गप्प असेल तर विचारा, पण विचारताना स्क्रीनशॉट टाकू नका. स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही किनाऱ्या सारख्याच दिसतात. अलर्टमधला शब्द कॉपी करून पेस्ट करा, ज्या पानावर तो सापडायला हवा होता त्या पानावरचा शब्दही तिथूनच कॉपी करून खाली पेस्ट करा, आणि दोन्हींची लेनची संख्या लिहा.